साठ सेकंदांचे अप्पा

आमचे सुपरवायझर शिवलिंगअप्पा समोर येईल त्याचा श्वास मोजत. एस.टी.त पेंगणाऱ्या कंडक्टरचा, धारूरच्या बाजारातल्या शेळीचा. एकदा तर जिल्ह्याच्या बैठकीत त्यांनी शेजारी डुलक्या काढणाऱ्या मोठ्या साहेबांचाच मोजला आणि भर सभेत जाहीर केलं, "सोळा. साहेब लई ठणठणीत हायेत!"

गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ निघत होते, ती वर्षं. आम्हा नर्सांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं काम अप्पांकडे होतं. नांदूरघाटजवळच्या माझ्या उपकेंद्रात ते टेबलावर आडवे व्हायचे, सदरा वर करून ढेरी उघडी टाकायचे आणि भरघोस मिशांतून म्हणायचे, "मी दहा महिन्यांचा हाय. मोजा!"

आम्हाला हसू आवरायचं नाही. कुणी हात लावला की हे गळा काढून रडायचे. "रडत्या लेकराचं मोजता कावून? आधी गप होऊ द्या!" अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं तर त्यांना मुळीच खपत नसे. "साठ सेकंद म्हंजे साठ सेकंद!" मला त्यांचा भयंकर राग यायचा. या माणसाला दुसरा विषयच नाही का?

एकदा ते तपासणीला आले असतानाच एक मेंढपाळ बाई आठ महिन्यांची पोर घेऊन आली. खोकला होता. मी पुस्तकातला प्रश्न विचारला, "धाप लागते का?"

"न्हाई."

मी खोकल्याचं औषध काढलंसुद्धा! अप्पा ताडकन उठले. "सिस्टर, धाप म्हाताऱ्यांना लागती. लेकराचं पोट उडतं." मग तिच्याकडे वळले, "पोट उडतंय का, माय?"

"उडतंय की साहेब! कालधरनं."

मी झबलं वर केलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. बासष्ट! या वयाला पन्नास म्हणजेच धोका, आणि हिच्या तर बरगड्यांखाली खड्डा पडत होता. अप्पांनी माझ्याकडून न्यूमोनियाच्या औषधाचा पहिला डोस पाजून घेतला, रस्त्यात उभं राहून जीप अडवली आणि मायलेकींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

पोर वाचली! आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या पालावर गेलो, तर आईनं धावत येऊन पोर सरळ अप्पांच्या मांडीवर ठेवली. आणि काय सांगू, हा माणूस चक्क घाबरला! तपासताना लेकरू नेहमी आईपाशी असायचं, हे समोर बसायचे. हात कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. "सिस्टर, हे... धरायचं कसं?"

अप्पांना मूलबाळ नव्हतं. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. इतके दिवस त्यांना हसताना हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. फार लाज वाटली.

पोरीनं त्यांच्या सदऱ्याची गुंडी मुठीत धरली आणि झोपून गेली. शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली. मी म्हटलं, "अप्पा, चला."

ते हललेच नाहीत. "गाडी जाऊ द्या, सिस्टर," ते कुजबुजले. "घरी कोण वाट बघतंय? हिनं धरलंय मला."