खोकणारी घरं

गंगूआत्तेला जाऊन बरीच वर्षं झाली. तिला शेवटची आंघोळ मीच घातली होती, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. तरीही नोकरी संपवून महाडहून वाडीत राहायला आले त्याच दिवशी, दिवेलागणीला, समोरच्या तिच्या बंद घरात ती खोकली.

खोकला तिचाच होता. आधी दोन कोरडे ठसके, मग लांबलेली घरघर, आणि शेवटी "देवा रे". मी जन्मभर नर्स होते. चेहऱ्यावरून माणूस ओळखायला एखाद वेळी चुकेन, खोकल्यावरून चुकणार नाही. दाराला कुलूप होतं, कुलपावर गंज होता, आणि फटीतून पिवळा उजेड अंगणात पडला होता. मग शेजारच्या घरात कुणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरली. त्याच्या पलीकडे जातं फिरायला लागलं. ही तिन्ही घरं बंद. मुलं-नातवंडं मुंबईला आणि म्हातारी माणसं देवाघरी. मी भूत मानत नाही. पण हातातला तांब्या खाली ठेवला आणि पळायची वेळ आली तर कुठल्या बाजूने पळायचं ते बघून घेतलं.

तेवढ्यात आत्तेच्या घरामागून एक माणूस आला. अंगात बनियन, गळ्यात वायरचं भेंडोळं, तोंडात दोन स्क्रू. स्क्रू हातात काढून घेत तो म्हणाला, "घाबरलीस का गो? सेटिंग हाय."

हे धाकूनाना. माझे शेजारी, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून वाडीतले माझे एकमेव जिवंत शेजारी. बाकी जे काही खोकत, कातरत, दळत होतं, ते सगळं नानांनी बसवलेलं होतं.

आमची वाडी पोलादपूरहून कुडपणकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आहे. घरं चांगली बांधलेली, पण बहुतेकांना कुलपं. नाना तरुणपणी मुंबईत रेडिओच्या दुकानात कामाला होते. लोक रेडिओ दुरुस्त करायचे सोडून फेकायला लागले तेव्हा दुकान बंद पडलं आणि नाना वायरींना डाग द्यायच्या सोल्डरिंग गनसकट गावी आले. मुलगा विनायक मुंबईतच राहिला. येताना नानांनी मुंबईहून आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे 'सेटिंग' हा शब्द. पंप सुरू झाला की सेटिंग बसलं, डाळ करपली की सेटिंग चुकलं. एकदा मी त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं आणि वाढलंय म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्या मशीनचं सेटिंग बघून घे आधी."

या सगळ्याची सुरुवात वानरांपासून झाली. बंद घर दिसलं की वानरं उतरतात आणि कौलं उचकटून ठेवतात. पावसाळा आला की गळती, मग वाळवी, मग भिंत. नानांनी त्यावर पहिला उपाय काढला तो वाघाचा. आवाज त्यांचाच. रिकाम्या घागरीत तोंड घालून डरकाळी फोडली, जुन्या मोबाइलमध्ये भरली आणि कौलांखाली भोंगा लावला. वानरं पळाली खरी. पण खालच्या वाडीने भीतीने गुरं सोडायची बंद केली, आणि फॉरेस्टचा माणूस येऊन नानांच्याच पडवीत बसून वाघाची चौकशी करून चहा पिऊन गेला. चार दिवसांनी वानरं परत आली. डरकाळी चालू असताना ती कौलांवर बसून एकमेकांच्या उवा काढत होती. नुसता ओरडतो आणि बाहेर येत नाही, तो वाघ कसला, हे त्यांना कळलं होतं.

"वानर वाघाला भीत नाय गो," नानांनी मला समजावलं. "माणसाला भितं. घरात माणूस वाजला पायजे."

मग त्यांनी माणसं वाजवायला घेतली. कुठल्या घरात कोण कसं वाजायचं हे त्यांच्या कानात पक्कं बसलेलं होतं. उजेड कमी झाला की ओळखणारा एक बारीक डोळा, माणूस हलला की ओळखणारा दुसरा, मोटरसायकलची बॅटरी आणि कौलांवर सोलरची पट्टी, एवढ्यावर अख्खं घर जिवंत व्हायचं. आवाज सगळे नाना स्वतः काढायचे, आणि मी राहायला आल्यापासून तालीम माझ्या पडवीत चालायची. मी तांदूळ निवडत बसायची आणि ते समोर बसून मेलेल्या माणसांचं खोकायचे.

"हा बाळूतात्या वाटतो का? सुपारीच्या जोडीला खोकला घालतोय."

"तात्यांना दमा नव्हता. तंबाखूचा खोकला होता. जरा ओला करा."

नाना ओला खोकायचे. तात्या माझ्यासमोर येऊन बसल्यासारखे वाटायचे. आपण दोन शहाणीसुरती माणसं भर दुपारी हे काय करतोय, असं मला अधूनमधून वाटायचं, पण नाना पुढच्या घराकडे वळलेले असायचे.

स्पीकरची कथा वेगळी. सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं त्या वर्षी दुकानदारांनी भिजलेला माल रस्त्यावर टाकून दिला होता. नानांनी टेम्पो भरून स्पीकर आणले आणि खळ्यावर आमसुलं वाळवावीत तसे उन्हात पसरले. ते वाजायला लागले, पण पाणी प्यालेले. प्रत्येक आवाजाखाली एक बुडबुड असायची. आत्ते विहिरीच्या तळातून खोकते आहे असं वाटायचं. मी म्हटलं, नाना, नवे स्पीकर आणा, ऐकवत नाही. तर म्हणाले, "मेल्या माणसाचा आवाज लय स्वच्छ नसावा. बरं दिसत नाय."

त्यांची खरी कीर्ती झाली ती शिमग्यात. देवीची पालखी आमच्याकडे दारोदार फिरते, पण कुलूप असलेल्या दारात थांबत नाही. मग त्या घरचा माणूस मुंबईत वर्षभर जे काही बिनसेल त्याचा दोष त्यालाच देतो. त्या वर्षी आत्तेच्या मुलाला, सीतारामला, सुट्टी मिळाली नव्हती. दिवस कलताना पालखी आत्तेच्या अंगणाच्या कडेने पुढे निघाली. दाराला कुलूप होतं. ढोल वाजत होता. आणि नानांनी बसवलेल्या डोळ्याला माणसं दिसली.

आतून दोन ठसके आले. घरघर झाली. मग आत्ते विहिरीच्या तळातून म्हणाली, "देवा रे. आलात? या, बसा."

ढोल थांबला. आत्तेच्या अंत्यविधीला गुरव स्वतः हजर होता. तो कुलपाकडे बघत राहिला, आणि मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "घरात माणूस हाय. देवीला पुढं नेता येत नाय." पालखी खाली ठेवली. आता रीत अशी की घरच्या बाईने येऊन देवीची ओटी भरायची. सगळे बंद दाराकडे तोंड करून, हात जोडून, आत्ते कुलपातून बाहेर यायची वाट बघत उभे राहिले. बराच वेळ झाला तसा पालखीच्या एका भोयाने हळूच पाय मागे घेतला. तो हलल्याबरोबर आत्ते म्हणाली, "आलात? या, बसा." तो जागच्या जागी बसला. मग दुसरा हलला. "आलात? या, बसा." कुणाची हलायची छाती होईना. अख्खी पालखी त्या अंगणात अडकून पडली, आणि उजेड कमी कमी होत गेला.

शेवटी नाना मागच्या दाराने आत शिरून, वायर उपटून धावत आले, हातात नारळ. आत्तेची भाची म्हणून ओटी मी भरली. सेटिंग कसं आहे ते नानांनी गुरवाला नीट समजावून सांगितलं. गुरवाने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि जाताना दाराकडे वळून आत्तेला नमस्कार केला. त्या संध्याकाळी सीतारामचा फोन आला. आधी त्याने पालखी नीट गेली का विचारलं. मग म्हणाला, "आई बोलली म्हणे."

तेव्हापासून मुंबईकरांचे नानांना फोन यायला लागले, आमच्याही घरी बसवा म्हणून. वाडीतल्या सगळ्या बंद घरांत माणसं झाली. फक्त नानांच्या घरात काही नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझ्या घरात कशाला? माझ्या घरात वाजायला मी हाय ना."

मग एके दिवशी मला त्यांचे पाय सुजलेले दिसले. दोन घरांच्या मधला चढ चढताना ते थांबायला लागले होते. मी छाती तपासली, आणि जे ऐकू आलं ते मला आवडलं नाही. विनायकला मीच फोन केला, नानांना मुंबईला घेऊन जा म्हणून. इथे डॉक्टर गाठायचा तर पोलादपूर, पुढे महाड. रात्री-अपरात्री काही झालं तर मी एकटी काय करणार होते?

"मी जानार नाय," नाना म्हणाले. "घरांचं काय?"

"घरं राहतील. तुम्ही राहायचं बघा."

ते माझ्यावर रागावले असं मला वाटलं. कारण त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत ते स्वतःच्या घराचं दार लावून आत बसले. आतून ड्रिल चालायचं. मी चहा नेला तर फटीतून हात बाहेर काढून कप घ्यायचे. बोलले ते एवढंच, "सिस्टर, तू कोंबड्या डालतेस ती दिवा लावायच्या आधी की नंतर?" मी म्हटलं, आधी. "रोज?" रोज. त्यावर फट बंद झाली. मलाही राग आला. जाणाऱ्या माणसाने चार शब्द नीट बोलावेत एवढीच माझी अपेक्षा होती, आणि हा माणूस माझ्या कोंबड्या डालग्याखाली कधी जातात याची चौकशी करत होता.

विनायक जीप घेऊन आला. नाना पुढच्या सीटवर बसले आणि वाडीकडे न बघता म्हणाले, "सेटिंग करून ठेवलंय." मला वाटलं, बाकीच्या घरांचं म्हणतायत.

त्या संध्याकाळी मी कोंबड्या डालायला अंगणात आले. समोर आत्ते खोकली, तात्यांनी सुपारी कातरली, जातं फिरलं. सगळी माणसं जागच्या जागी होती, आणि त्यांच्यात जिवंत अशी मी एकटी होते. महाडच्या दवाखान्यात मी रात्र-रात्र प्रेतांच्या सोबत काढलीय, पण इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. तेवढ्यात नानांच्या बंद दाराच्या फटीतून उजेड पडला.

"काय गो सिस्टर, भात टाकलास का?"

आवाज स्वच्छ होता. बुडबुड नव्हती. या एका घरासाठी त्यांनी नवा स्पीकर आणला होता. मग आत शांतता झाली, बरोबर माझ्या उत्तराएवढी. मी उत्तर दिलं नाही.

"बरं, बरं," नाना म्हणाले. "दार लावून घे."

त्या ओळीत आजवर फक्त मेलेली माणसं बोलायची. त्यांच्यात आता नानांचा आवाज होता. मी घरात जाऊन आधी मुंबईला फोन लावला. नाना जेवत होते. गोळ्या घेतल्या का एवढं विचारून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र उत्तर दिलं, जरा रागानेच. "टाकला." बरं, बरं, दार लावून घे. पुढे सवय झाली. भाताबरोबर काय केलंय तेही मी सांगायला लागले, आणि ती शांतता तेवढ्यालाही पुरायची.

पावसाळ्यात मला ताप भरला. एका संध्याकाळी उठवेना. कोंबड्या आपल्या आपण पडवीत येऊन बसल्या होत्या, म्हटलं राहू देत. अंधार पडता पडता फोन वाजला.

"सिस्टर," नाना धापा टाकत होते. "आज कोंबड्या का नाय डालल्यास?"

हा माणूस मुंबईत बसून माझ्या कोंबड्या बघतोय कसा?

मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांच्या दारावरचा डोळा माझ्या अंगणाकडे लावलेला आहे. सांजेला मी बाहेर आले की तो डोळा आतल्या जुन्या मोबाइलचं बटण दाबतो, आणि मुंबईत नानांना मिस कॉल जातो. रोज जातो. आज गेला नव्हता.

"म्हणजे तुम्ही रोज वाट बघत बसता?"

"पोरं कामावर असतात," नाना म्हणाले. "खोलीला खिडकी हाय, पन समोर भिंतच. दिवसभर ट्यूब चालू. इथं सांज कळत नाय गो सिस्टर. तुझा मिस कॉल आला की कळतं, वाडीत कोंबड्या डालल्या. मंग मी देवापुढं दिवा लावतो."

मी आजवर समजत होते की ते सेटिंग माझ्यासाठी आहे.

मी गोधडी अंगावर घेतली आणि फोन कानाला तसाच धरून अंगणात गेले. पाऊस थांबला होता. कोंबड्या एकेक धरून डालग्याखाली घातल्या. मग नानांच्या दारासमोर, डोळ्याला नीट दिसेन अशी उभी राहिले. फटीतून उजेड पडला.

"काय गो सिस्टर, भात टाकलास का?" दाराआडून नाना म्हणाले.

"टाकते आता," मी म्हटलं.

नानांच्या फोनवर दुसरा कॉल आल्याची टुकटुक मला पुसटशी ऐकू आली. मुंबईतल्या त्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवून उठलं.

"आला गो," फोनमधले नाना म्हणाले. "झाली सांज."