नळाला पाणी आल्याचे साक्षीदार

"आजपासून हुलगेवाडीत खोटं बोलणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य झालेलं आहे!" असं गावपुढारी रणधीरदादांनी मारुतीच्या पारावरून जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. 'पाच हजारांच्या जनसमुदायाने केला टाळ्यांचा कडकडाट' अशी त्याची नोंद लगेच झाली, ती कायमची. हुलगेवाडीची वस्ती शेरडं धरूनही त्याच्या निम्मी भरत नाही.

नोंद झाली ती 'गावसाखळी'वर. ही फेसबुकासारखीच चीज, फक्त तिला मालक नाही. कुणी काही लिहिलं की ते एका ब्लॉकमध्ये बंद होतं, दर तीन सेकंदाला नवा ब्लॉक तयार होतो आणि रेल्वेला डबा जोडावा तसा मागच्या ब्लॉकला जोडला जातो. एकदा जोडला की तो ब्रह्मदेवालाही सुटत नाही. हे जोडायचं काम एकवीस साक्षीदारांचं. इंग्रजीत त्यांना व्हॅलिडेटर म्हणतात. गावानं मतं देऊन ते निवडायचे आणि त्यांनी आळीपाळीनं ब्लॉकवर शिक्का मारायचा. मत सगळ्यांना, पण प्रत्येक मताला वजन. तुमच्या लिखाणाखाली लोकांनी जितके अंगठे दाबले, तितकं तुमचं मत जड. रणधीरदादांचं मत असं जड होतं की समोरच्या पारड्यात अख्खं गाव बसवलं तरी ते जमिनीवरून हललं नसतं.

शिवलिंगप्पा हे सगळं ऐकून घरी आले आणि जेवून झोपले. एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाला गर्दी, घोषणा आणि गैरसोय यांचं नवल उरत नाही.

नवल वाटलं ते महिनाभरानं. त्या दिवशी टँकर आला नाही. हुलगेवाडीला टँकरशिवाय दुसरं पाणी नव्हतं. नळयोजनेचे नळ घरोघरी बसले होते, पितळी होते, दिसायला चांगले होते. शिवलिंगप्पांच्या सूनबाई त्यावर पोछा वाळत घालत. दुसऱ्या दिवशीही टँकर आला नाही, तेव्हा आप्पा धोतर सावरून तालुक्याच्या कचेरीत गेले.

कचेरीतल्या साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. गावसाखळीवर रणधीरदादांची पोस्ट होती: 'वचनपूर्ती! हुलगेवाडीत घरोघरी नळाला चोवीस तास पाणी!' सोबत फोटो. फोटोत नळ, नळाला धार, धारेखाली दादांची ओंजळ. नळाच्या वर भिंतीआडून बादली ओतणारा हात फोटोत आला नव्हता.

"साहेब, पाणी न्हाय आलेलं," आप्पा म्हणाले.

"आलंय. साक्षांकित आहे."

"अवो, माझ्या घरी चला. नळ सोडून दावतो."

"तुमचं घर साखळीवर आहे का?"

"न्हाय. घर गावात हाय."

"मग ते पुराव्यात धरता येत नाही," साहेब हळहळले. माणूस भला होता. त्यांनी आप्पांना पेलाभर पाणीही दिलं.

शिक्का कुणी मारला ते बघितलं, तर त्या तीन सेकंदांची पाळी श्रीनाथची निघाली. हा दादांचा मेहुणा. राहायला पुण्यात, साक्षीदार हुलगेवाडीचा. आप्पांनी त्याला फोन लावला.

"श्रीनाथराव, पाणी आलेलं तुम्ही बघितलं का?"

"आप्पा, साक्षीदारानं बघायचं नसतं. पोस्ट कुणाच्या खात्यावरनं आली, नियमात बसते का आणि आधीच्या ब्लॉकनंतर आली का, एवढंच तपासायचं. खरं-खोटं हा आमच्या कक्षेतला विषयच नाही."

"मंग साक्ष कशाची देता?"

"क्रमाची."

आप्पांना ते पटलं, हीच खरी अडचण झाली. त्यांनी स्वतः हयातभर तिकिटं फाडली होती. उतारू सासरी चाललाय की कोर्टात, हे कधी विचारलं नव्हतं.

"आता हे उलटायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"दोन तृतीयांशांहून जास्त साक्षीदारांनी ठरवलं तर साखळीला नवा फाटा फोडता येतो, म्हणजे नको तो ब्लॉक सोडून पुढचे डबे दुसऱ्या रुळावर जोडायचे. तुम्ही निवडून या, बाकीचे निवडून आणा. लोकशाहीच आहे!"

मग शिवलिंगप्पा उभे राहिले. साक्षीदाराचं यंत्र कायम चालू लागतं, म्हणून थोरल्याचा जुना कॉम्प्युटर घेतला आणि लाइटीचा भरवसा नाही म्हणून जावयाचा इन्व्हर्टर उचलून आणला. मग ते दारोदार फिरले. गाव तहानलेलं होतं. सगळ्यांनी त्यांना ओट्यावर बसवलं, तोंडभरून पाठिंबा दिला, आणि मत द्यायची वेळ आली तेव्हा कुणाच्याच हातात मत नाही असं निघालं. गावसाखळीवर आपलं मत मुखत्यार नेमून त्याच्या हवाली करता येतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवात भुवनेश्वरीवहिनींनी, म्हणजे दादांच्या पत्नीनं, वाण देताना बायकांचे फोन घेतले होते आणि प्रत्येकीचं मत दादांच्या हवाली करून परत दिले होते. पुरुषांची मतं त्याआधीच गेली होती, भावकीच्या बैठकीत.

"तू बी दिलं?" आप्पांनी बायकोला विचारलं.

"अय्यो, त्यांनी कुंकू लावलं, डबा दिला. फोन देत न्हाय म्हनू व्हय?" रुद्रम्मा म्हणाल्या. "आन् तुमचे काका बी हायतच की त्येंच्यात."

"काका वारून पंधरा दिस झाले!"

"मत कुठं वारलंय?"

ते खरं होतं. मतदारानं स्वतः काढून घेतल्याशिवाय साखळीवरचं मत संपत नाही आणि मरणाची दखल घ्यायची सोय प्रणालीत नव्हती. काका हयातीत कधी मतदानाला गेले नव्हते. आता ते दर तीन सेकंदाला लोकशाही बळकट करत होते.

तरीही शिवलिंगप्पा निवडून आले. त्यांना रणधीरदादांनी निवडून आणलं.

"एकवीसच्या एकवीस आपलीच मान्सं असली की लोक नावं ठेवत्यात, आप्पा," दादा मायेनं म्हणाले. "ह्याला विकेंद्रीकरण म्हनत्यात. एक विरोधक लागतो. तुमी बरे. तुमचा आवाज बी खणखणीत हाय."

आप्पांना राग आला. पण आत शिरायला दार मिळतंय तर दार कुणी उघडलं हे कशाला बघा, असा विचार त्यांनी केला. असा विचार करून आत गेलेली माणसं पुढं दाराशी खुर्ची टाकून बसतात, पण ते नंतर.

पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः पोस्ट लिहिली: 'हुलगेवाडीत नळाला पाणी नाही.' योग असा, की ती त्यांच्याच पाळीत आली. त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्यावर शिक्का मारला. आता हेही खोडणं ब्रह्मदेवाला अशक्य! ते तसेच कचेरीत गेले.

साहेबांनी दोन्ही ब्लॉक शेजारी शेजारी लावून वाचले.

"दोन्ही साक्षांकित आहेत," ते म्हणाले. "म्हणजे दोन्ही खरे. आधी पाणी आलं, नंतर नाही. क्रम स्पष्ट आहे."

"मंग टँकर?"

"टँकर पाणी न आलेल्या गावाला मिळतो. तुमच्याकडं येऊन गेलंय. आता प्रश्न असा, की शासनानं दिलेलं चोवीस तासांचं पाणी गावानं केलं काय?"

आठवड्यात नोटीस आली. प्राप्त पाण्याचा ग्रामस्थांनी अपव्यय केल्याचं साखळीवरून दिसून येत असून त्याचा खुलासा करावा. साक्षीदार म्हणून नाव एकाचंच होतं, शिवलिंगप्पा, निवृत्त वाहक.

गाव आप्पांच्या ओट्यावर जमलं.

"आप्पा, आमी पाणी सांडलं म्हून तुमी लिहून दिलं व्हय?" कमलबाईनं रिकामी घागर पायरीवर आदळली.

"म्या तसं न्हाय लिहिलं! पाणी न्हाय, एवढंच लिहिलं."

"मंग आधीच्या पोस्टीला तुमी बी अंगठा कशाला दाबला?"

आप्पा उडालेच. अंगठेवाल्यांची यादी उघडली, तर त्यात कमलबाई, सगळी गल्ली, वारलेले काका सोडून सगळं खानदान, रुद्रम्मा आणि खुद्द शिवलिंगप्पा. 'अभिनंदन दादा!' असंही लिहिलेलं.

"जेवताना दाबलात," रुद्रम्मांनी आठवण करून दिली. "मी भाकरी वाढत हुते. वाचलं बी न्हाय तुमी. दादांचं हाय म्हनून दाबलं."

"आता समद्यांनी अंगठे काढून घेऊ," आप्पा म्हणाले. "पोस्टीचं वजनच उतरंल. दादांचं मत हलकं झालं की आपले साक्षीदार निवडून येतील, फाटा फुटंल!"

कुणी घागरीकडं बघितलं, कुणी आढ्याकडं.

"काढला की दादाला दिसतंय," कमलबाई हळूच म्हणाली. "तुमी काढा आदी. तुमी साक्षीदार."

आप्पांनी फोन हातात घेतला. त्यांना साक्षीदार केलं होतं ते दादांच्या मतानं. अंगठा काढला की ते मत जाणार, मत गेलं की खुर्ची, खुर्ची गेली की प्रणालीच्या आत राहून लढणारा गावात कुणी उरणार नव्हता. हे सगळं त्यांनी गावाला नीट समजावून सांगितलं. गावाला ते पटलंही. प्रत्येकाकडं असंच एकेक कारण होतं.

पुढच्या रविवारी पारावर साक्षीदारांचा सत्कार झाला. आप्पांना शाल, फेटा, आणि पुढच्या रांगेत खुर्ची. टेबलावर पाहुण्यांसाठी सीलबंद पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. दादांनी माइक हातात घेतला.

"आपले विरोधक शिवलिंगप्पा आता दोन शब्द बोलतील. जे बोलतील ते साखळीवर थेट नोंदलं जाईल. कुणाच्या बापाला खोडता यायचं न्हाय! बोला आप्पा, मनात हाय ते बोला. मागा काय मागायचं ते!"

आप्पा उठले. समोर सगळं गाव बसलं होतं, प्रत्येकाच्या हातात फोन आणि ओठांना कोरड. कमलबाई पुढं सरकून बसली. रुद्रम्मांनी पदर तोंडाला लावला. आप्पांनी तोंड उघडायच्या आतच त्यांच्या भाषणाखाली अंगठे पडायला सुरुवात झाली होती. हुलगेवाडीला त्याबद्दल हसायचं कारण नाही. ही गोष्ट शेवटपर्यंत वाचायच्या आधीच कुणीतरी ती पुढं पाठवलेली असणार.

आप्पांनी माइकवर टिचकी मारली, घसा खाकरला आणि दादांकडं वळून खणखणीत आवाजात विचारलं,

"दादा, ह्या बाटल्यांतल्या ज्या उघडल्या न्हाईत, तेवढ्या घरी नेऊ का?"