वेंडेल टॉफ्टे चालला ॲरिझोनाला

मंडळी, आमच्या मिनेसोटात माझ्याशी पैज लावून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणजे, गेल्या जानेवारीपर्यंत तरी आला नव्हता.

त्या दिवशी मी आणि वेंडेल टॉफ्टे गोठलेल्या तळ्यावर, माझ्या पत्र्याच्या खोपटात, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून बसलो होतो. वेंडेल माझा शेजारी. आमच्या अंगणांच्या मधे कुंपण नाही, कारण ते कुणी घालायचं यावर आमचं कधी जमलं नाही. त्याची बायको आर्डिस वारल्यापासून तो बोलायचा कमी आणि कण्हायचा जास्त झाला होता. मासा काही लागेना. वेळ जावा म्हणून मी विचारलं, "पन्नास राज्यांतलं कुठलंही एक राहायला घे म्हणाले, तर कुठलं घेशील?"

"ॲरिझोना." मिशीला लोंबणारा बर्फ त्याने कडकन मोडला. "क्रिस्टीन कधीची बोलावतेय. तिथे फावडं फक्त बागेत लागतं."

लेकीकडे जायची ही गोष्ट तो दर हिवाळ्यात काढतो. मी म्हटलं, तू कसला जातोस, तू तर बुटाच्या लेस आणायलाही शेजारच्या गावात जात नाहीस! तो चिडला आणि पैज लागली. तळ्याचा बर्फ फुटायच्या आत वेंडेल गेला तर मी हरलो, राहिला तर तो. हरेल त्याने शनिवारी चौकातल्या सिमेंटच्या भल्यामोठ्या माशाखाली, फुलाफुलांचा शर्ट आणि अर्धी चड्डी घालून, आरामखुर्ची टाकून बसायचं.

आता एवढ्यावर गप्प बसेन तर तो मी कसला! रविवारी सर्दीचं निमित्त करून मी चर्च बुडवलं. गॅरेजमधले शोभेचे प्लास्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो पक्षी काढले आणि वेंडेलच्या अंगणातल्या बर्फात कवायतीला उभे करावेत तसे रोवले. मधोमध पाटी: 'चाललो ॲरिझोनाला. येतो, मंडळी. वेंडेल.' चर्च सुटलं की सगळं गाव त्याच रस्त्याने घरी जातं, आणि वेंडेल खुर्च्या आवरून सगळ्यांच्या शेवटी निघतो. माझा बेत साधा होता. तो येईल, पाटी उपटेल, मला शिव्या घालेल, मग दोघं हसू.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर "खरं का रे?" असं विचारत नाही. फार आगाऊपणाचं दिसतं. आमच्याकडे लोक हॉटडिश आणतात.

वेंडेल गाडीतून उतरतोय तोच समोरच्या मार्लिसबाई हजर. हातात ओव्हनमध्ये भाजलेला, भांडंभर खिमा-नूडल्सचा वाफाळता हॉटडिश, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. "चार घास खाऊन जा," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत परत गेल्या. त्यांच्या मागून दुसरी, तिच्या मागून तिसरी. आणि एकदा निरोपाचा घास पोटात गेला, की "मी कुठे जातोय?" असं म्हणायची आमच्या माणसाची छाती नाही! अंधार पडेपर्यंत वेंडेलचा फ्रिज भरला, उरलेली भांडी त्याने मागच्या बर्फात पुरली.

मी खिडकीत पोट धरून हसत होतो. माझी बायको जॅनिस तिचं भांडं देऊन आली, ती हसली नाही. वेंडेल तिला म्हणाला होता, बघ, सगळं गाव मला वाटेला लावायला टपलंय. थांब म्हणायला एक जण आला नाही.

दोन दिवसांत त्याने क्रिस्टीनला फोन केला. मग ट्रकमध्ये खोकी चढायला लागली. माझं हसू गोठलं.

"जा आणि राहा म्हणून सांग त्याला," जॅनिस म्हणाली.

"असं? तोंडाने?"

"मग काय, हॉटडिश करतोस?"

गेलो. त्याला म्हटलं, मासे बरे लागायला लागलेत. तो म्हणाला, बरं. म्हटलं, छपरावरचा बर्फ कोण ओढणार? तो म्हणाला, घर घेईल तो बघेल. तसाच परत आलो.

आता राहिली भांडी. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, त्यावर मालकिणीचं नाव. ती घासून, हातात नेऊन द्यायची. पायरीवर ठेवून पळालात तर गाव जन्मभर नाव ठेवतं. वेंडेल दारोदार हिंडला. प्रत्येक घरी कॉफी, आणि "प्रवासात लागेल" म्हणून तेच भांडं परत भरून! त्याला वाटलं होतं तासाभराचं काम आहे, पण अख्खा आठवडा भांडी काही संपेनात. शेवटी एकच राहिलं, जॅनिसचं. ते द्यायला तो निघायच्या दिवशी भरलेला ट्रक घेऊन आमच्या दारी आला.

आमच्याकडे निरोप एका जागी उरकत नाही. टेबलाशी घेतला, दाराशी घेतला, पायरीवर घेतला. तिन्ही ठिकाणी मी हवेबद्दल बोललो. मग ट्रकच्या खिडकीशी आलो. माझं नाक आहे की गळून पडलं, कळत नव्हतं.

"फ्लेमिंगो मी लावले," मी म्हणालो.

"माहितीये. गावात ते तुझ्याकडेच आहेत."

"मग लोकांना सांगितलं का नाहीस?"

"मार्लिसचा हॉटडिश खाल्ला होता ना." त्याने काचेवरचा बर्फ नखाने खरवडला. "आणि वाटलं, कुणीतरी जाऊ नको म्हणेल."

मी बुटांकडे बघितलं. बूट माझेच होते.

"जाऊ नकोस," मी पुटपुटलो.

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "आता म्हण."

"मेल्या, जाऊ नकोस! तू गेल्यावर त्या भोकाशी मी एकटा काय करू?"

वेंडेलने बराच वेळ नाक पुसलं. "म्हणजे मी हरलो."

"हरलास."

"पण मला थांबवून तू लबाडी केलीस. तूही बसायचं."

त्यामुळे शनिवारी सिमेंटच्या माशाखाली दोन आरामखुर्च्या होत्या. चार निळ्या पडलेल्या पोटऱ्या आणि समोर सगळं गाव. काय चाललंय, असं कुणीच विचारलं नाही. हॉटडिश मात्र आणले. मार्लिसबाईंनी घरून गोधडी आणली, वेंडेलच्या गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत नीट खोचली आणि त्याच्या हातात कॉफी दिली. गोधडी एकाच माणसापुरती होती.

"गॉर्डी," वेंडेल गोधडीतून म्हणाला, "त्या दिवशी तू तुझं नाही सांगितलंस. पन्नासांतलं कुठलं घेशील?"

माझे दात थडाथडा वाजत होते. "जिथे पँट घालू देतात ते."