पैलवान उठला, गाडी सोडा

शेजारच्या महादेवअण्णांच्या घरातून रोज संध्याकाळी घोषणा ऐकू यायची, "पैलवान उठला. गाडी सोडा." नव्या भाडेकरूंना वाटे, या घरात कोणी झोपाळू तालीमबाज राहतो. प्रत्यक्षात घरात अण्णा, काकू आणि एक जुना कॉम्प्युटर, एवढेच. नेटवरून आत घुसू पाहणाऱ्याला दारातच अडवणारी जी फायरवॉल असते, तिला अण्णा पैलवान म्हणत.

अण्णा मूळचे मंगळवेढ्याचे. नोकरी सोलापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरची. कंट्रोलरने नोंद करून सोडल्याशिवाय गाडी फलाटावरून हलत नाही, ही शिस्त त्यांनी निवृत्त झाल्यावर घरी आणली. काकू देवळात निघाल्या तरी अण्णा विचारत, "परतीची वेळ?"

"तुमच्या गाड्या कवा येळेवर आल्यात्या?" काकू चपला घालता घालता म्हणत.

कॉम्प्युटर मुलीचा. सुनंदा नोकरीसाठी बेंगळुरूला गेली तेव्हा ठेवून गेलेली. संध्याकाळी काकू त्यावर तिच्याशी बोलत, तिचा चेहरा बघत. अडचण एकच होती. मोबाइलची वायर लावून नेट सुरू झालं, तरी पैलवान आपणहून उठत नसे. दर वेळी इंग्रजीत एक ओळ टाइप करावी लागे, आणि काकूंना अक्षरओळख नव्हती. म्हणून ओळ अण्णा टाइप करत, घोषणा करत, मगच काकू मुलीला फोन लावत. एकदा अण्णा बाजारात अडकले, तर काकू वायर हातात धरून तशाच बसून राहिल्या.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी अण्णांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. अण्णांनी मला बोलावून घेतलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातला माणूस. इंग्रजी वाचून अर्थ सांगायचा, एवढाच माझा उपयोग.

"सर, नेट लागलं की पैलवान आपापला उठला पायजे. तवर मी ॲडमिट हुनार न्हाय."

"अण्णा, हे नंतर करू की."

"नंतर कोन करनार? मी तितं कॉटवर, आन् हितं दार सताड उघडं?"

"मग सुनंदाला विचारू."

"तिला हे इचारलं तर ती ऑपरेशनचंबी इचारंल. नको."

मी माहिती वाचून दाखवायचो, अण्णा टाइप करायचे. आधी आम्ही पैलवानाला कॉम्प्युटर सुरू होतानाच उठवून पाहिलं. पण तोवर नेटच लागलेलं नसे. राखायला दारच नाही म्हटल्यावर तो परत झोपे. मग कळलं की नेट लागताच चालेल अशी एक वेगळी फाइल लिहायची असते. अण्णांनी ती एकेक अक्षर तपासत लिहिली. वायर लावली. काहीच झालं नाही. पुन्हा लिहिली, पुन्हा तेच. दवाखान्यातून फोन येत होते आणि अण्णा त्यांना सांगत होते, "मशीनचं काम चालू हाय."

काकू चहा घेऊन आल्या. "काय झालं आता?"

"गाडी हाय, ड्रायवर हाय, फलाटबी बरोबर हाय. सुटंना."

"तुमी सोडली का पन?"

अण्णांचा कप हातातच राहिला. मी माहितीचं ते पान पुन्हा काढलं. फाइल लिहून ठेवणं वेगळं, तिला चालायची परवानगी देणं वेगळं. ती ओळ मी वाचली होती, त्यांनी ऐकली होती, आणि जन्मभर परवानगी देण्याचीच नोकरी केलेल्या माणसाकडून नेमकी तीच राहिली होती.

"लई येळ हुबी केली की बिचारीला," अण्णा म्हणाले आणि परवानगी दिली. वायर लावताच पैलवान आपणहून उठला.

पण पैलवान उठला, हे काकूंना पडद्यावर वाचता कसं येणार? अण्णांनी फाइलीत आणखी एक ओळ घातली, आवाजाची. खाकरून घसा साफ केला आणि स्टँडवरच्या लाउडस्पीकरच्या सुरात आपली घोषणा रेकॉर्ड केली. दुसऱ्या दिवशी ते ॲडमिट झाले. कपड्यांची पिशवी काकूंनी केव्हाच भरून ठेवली होती.

अण्णा परत आले नाहीत.

संध्याकाळी भिंतीपलीकडून अजून घोषणा येते. काकू जराशा थांबतात, मग सुनंदाशी बोलतात. बोलणं संपतं, वायर निघते. कधी कधी थोड्या वेळानं त्या ती पुन्हा लावतात. "पैलवान उठला. गाडी सोडा." त्यानंतर काकूंचा आवाज येत नाही. वायर काढून त्या आणखी एकदा लावतात.