पाया भक्कम, वरच्या मजल्यावर ओल

भाड्याचं घर बघताना माणसं हुरळून जातात. खिडकीतून एक झाड दिसलं की झालं! मी हुरळत नाही. एकवीस वर्षं मी कारखान्यात तपासनीस आहे. माझ्या नजरेखालून क्रेन गेल्या, टाक्या गेल्या, एक दुमजली भट्टीसुद्धा गेली, आणि एकीचीही मला गंडवायची हिंमत झाली नाही!

माझी तपासणी-कार्डं तर बघण्यासारखी असतात. कार्ड यंत्राच्या गळ्यातच बांधायचं असतं. मग 'सदर टाकी', 'प्रस्तुत क्रेन' असले सोपस्कार कशाला? 'बूड गंजलंय. झाकण ढिलं. दुरुस्त करा.' संपलं! मोठे साहेब निवृत्त होताना म्हणाले होते, "तुमचं कार्ड वाचलं की यंत्रालासुद्धा लाज वाटते." हे मी घरी दोनदा सांगितलंय. बायको म्हणते, दोनशेदा.

तर, आम्हाला घर बदलायचं होतं. आम्ही राहत होतो एका नव्याकोऱ्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर. भिंती इतक्या पातळ की शेजारी शिंकले की आम्ही रुमाल शोधायचो. आणि बायको व्हायोलिन शिकवते. अकरा विद्यार्थी, अकराही नवशिके. नवशिक्याचं व्हायोलिन म्हणजे दारात शेपूट अडकलेलं मांजर. अशी अकरा मांजरं, आठवड्यातून तीनदा! शेवटी इमारतीच्या कमिटीची नोटीस आली: या महिन्यानंतर शिकवणी बंद.

बायकोने व्हायोलिन पेटीत घातलं आणि पेटी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. आमच्या घरात त्या फळीवर फक्त फेकता न येणाऱ्या वस्तू जातात.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तशीही मी दमलेच होते."

मी त्याच दिवशी दलालाला फोन केला. त्याने जागा शोधली एका जुन्या इमारतीत. तीन मजले, साठ वर्षांचं वय, आणि भिंती हातभर जाड! आतल्या खोलीत मी स्वतः बोंब मारून पाहिली. बाहेर जिन्यात उभ्या असलेल्या दलालाला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. मालकीण तिसऱ्या मजल्यावर राहतात. चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना 'बाई' म्हणते. जागेसाठी आम्ही होतो आणि एक दंतवैद्य.

दलाल म्हणाला, "बाईंना पत्र द्यायचं. हाताने लिहिलेलं. तुम्ही कोण, घर का हवं. शनिवारी वाचतात आणि शनिवारीच ठरवतात."

शुक्रवारी बायकोने पत्र लिहिलं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच वहीच्या कागदावर, जुन्या इमारतीत भाड्याने राहण्याचे फायदे-तोटे मांडले. दोन्ही कागदांच्या चार-चार घड्या झाल्या.

"पत्र तुम्ही टाकाल ना? नीट बघून हं!"

"अगं, तू कुणाला सांगते आहेस? मी तपासनीस आहे!"

शनिवारी सकाळी एक कागद पाकिटात गेला, एक खिशात. पाकीट मी बाईंच्या नावाच्या लाकडी टपालपेटीत सोडलं आणि छाती काढून कामावर गेलो.

जेवणाच्या सुट्टीत आमचा गोदामवाला विचारत होता, जुन्या इमारतीत जागा घ्यावी की नको. मी घडी त्याच्यापुढे टाकली. "वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना कळू दे!"

त्याने चष्मा चढवला. "'आदरणीय बाईंना सप्रेम नमस्कार...'"

"काय?"

"'मी व्हायोलिन शिकवते. माझे यजमान शांत आहेत. घरात त्यांचा तसा काही त्रास नाही.'" गोदामवाल्याने मान वर केली. "साहेब, हे फायद्यात धरायचं की तोट्यात?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण पाकिटात काय गेलं होतं ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. वाचकहो, तुम्हीच वाचा, आणि लक्षात ठेवा की मी कार्डाच्या शिस्तीने लिहिलं होतं:

'फायदे: पाया भक्कम. आतून प्रशस्त. या वयातही उभी आहे. आवाज बाहेर जाऊ देत नाही.

तोटे: वय रंगाखाली लपवलेलं. एका बाजूला कललेली. पाठीमागून पोपडे निघालेत. जिथे हात लावावा तिथे कुरकुर. दुपारनंतर तापते. कमरेपाशी तडा. वरच्या मजल्यावर ओल.

निष्कर्ष: चार-पाच वर्षं सहज काढेल. घ्यायला हरकत नाही.'

मी पत्र खिशात कोंबलं आणि डबा तसाच टाकून पळालो!

जिन्याखाली पोचलो तेव्हा सामसूम होती. टपालपेटीच्या फटीतून आत काहीतरी पांढरं दिसत होतं. वाचलो! मी हात आत घातला. बोटं गेली, पंजा गेला, मनगट गेलं. पाकीट हाताला लागलं. घट्ट पकडलं. हात बाहेर ओढला, तर येईना! डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. पेटी अशी धरून बसली होती जणू मीच तिचं टपाल!

"टाकताय की काढताय?"

मागे बाई उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, केस काळेभोर, उजव्या गुडघ्यामुळे चालताना किंचित एका बाजूला झुकणाऱ्या. आणि त्यांच्या हातात माझा कागद होता!

"हे तुमचंच अक्षर ना? 'एका बाजूला कललेली.'" त्यांनी कागद लांब धरला. "'कमरेपाशी तडा.' डॉक्टरांनीसुद्धा इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं मला."

"बाई, ते तुमच्याबद्दल नाही हो!"

"पाकिटावर नाव कुणाचं आहे?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कार्ड यंत्राच्या गळ्यात बांधावं तसं मी ते बाईंच्या गळ्यात बांधून मोकळा झालो होतो!

"अख्ख्या पानात कर्ता कुठे आहे?"

"कर्ता... कर्ता गृहीत आहे, बाई."

"गृहीत! चाळीस वर्षं याच एका चुकीचे गुण कापले मी!"

तळमजल्यावरचे शिंपीकाका गळ्यातल्या टेपसकट बाहेर आले होते. त्यांनी न सांगता माझं मनगट मोजलं, मग पेटीची फट मोजली. "फटीपेक्षा मनगट जाड भरतंय," ते म्हणाले. "गेलं कसं, हाच प्रश्न आहे."

"पाकिटामागे फोन नंबर आहे," बाई म्हणाल्या. "यांच्या घरी कळवा. म्हणावं, तुमचं माणूस आमच्या टपालात आलंय."

मी शेवटचा जोर केला. "बाई, इमारत! कर्ता इमारत आहे! इमारत कललेली, इमारत कुरकुरते, इमारतीच्या कमरेला तडा!"

बाई खालच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं, सुटलो.

"म्हणजे हे तुम्ही माझ्या वडिलांनी बांधलेल्या इमारतीबद्दल लिहिलंय?" त्यांचा आवाज बदलला. "अहो, मला काहीही म्हणा! पोरांनी ठेवलेली सतरा नावं पचवलीत मी. पण इमारतीच्या वरच्या मजल्यावर ओल?"

"म्हणजे थोडीशीच..."

"वरच्या मजल्यावर मी राहते!"

वीस मिनिटांत बायको धापा टाकत आली. पेटीला जोडलेला नवरा तिने पाहिला. बाईंच्या हातातला कागद घेतला आणि वाचू लागली. माझी तब्येत कशी आहे हे ती शेवटी विचारेल असं मला वाटलं.

"'जिथे हात लावावा तिथे कुरकुर'?" तिने माझ्याकडे पाहिलं. "'दुपारनंतर तापते'? अहो, दुपारनंतर मी शिकवते!"

"तू नव्हे! इमारत!"

"इमारत दोष देण्यासारखी नाही," बाई म्हणाल्या.

"आणि मी आहे?" बायको म्हणाली.

दोघींच्या मधे मी, आणि माझा एक हात टपालात! शिंपीकाका हळूच म्हणाले, "वहिनी, आत जाऊन करवत आणू का?"

"पेटी सागवानी आहे," बाई म्हणाल्या. "कापायचंच झालं तर हात कापा."

बायकोने माझ्या कोपराकडे बारकाईने पाहिलं. "मुठीत काय आहे?"

"पाकीट! तेच तर सोडवतोय!"

"तुमचं पाकीट बाईंकडे आहे."

"हो."

"मग हे कुणाचं?"

मी फटीतून आत डोकावलो.

"मूठ उघडा," ती म्हणाली.

मी मूठ उघडली. हात सुळकन बाहेर आला. आत गाद्यांच्या सेलची जाहिरात होती. शिंपीकाकांनी टेप गुंडाळला आणि एक अक्षर न बोलता आत गेले. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

मी डाव्या हाताने खिशातलं खरं पत्र काढलं आणि बाईंना दिलं. त्यांनी ते पायरीवर बसून वाचलं. शेवटची ओळ मात्र मोठ्याने वाचली: "'शिकवणी सुटली तरी चालेल, असं मी घरात म्हणते. ते खरं नाही.'"

ही ओळ मी ऐकलीच नव्हती. गोदामवाला तिथपर्यंत पोचलाच नव्हता. बायको जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिली. तिच्यात काय चाललंय हे एकवीस वर्षांचा अनुभव असलेल्या तपासनिसाला कधी दिसलं नव्हतं, याची मी नोंद घेतली.

"वाक्य पूर्ण आहे," बाई म्हणाल्या. मग पर्समधून तिसरा कागद काढला. "हे दंतवैद्याचं. लिहितो, इमारतीत एकही दोष नाही! दात कसे तपासत असेल हा माणूस?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. सात दोष."

"बाई, मी ते खोडतो..."

"अकरा आहेत. चार सुटले तुमच्याकडून. तपासनीस म्हणे!"

मला त्या क्षणी बाईंबद्दल फार आदर वाटला. माझ्या धंद्यात असं सांगणारं माणूस क्वचित भेटतं.

संध्याकाळी वर त्यांच्या टेबलावर भाडेकरार लिहिला गेला. "कुटुंबातली कर्ती व्यक्ती कोण?" बाईंनी विचारलं. मी घसा साफ केला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मी पाणी पिईपर्यंत थांबल्या. मग बायकोचं नाव लिहिलं.

आता अकरा मांजरं आठवड्यातून तीनदा ओरडतात आणि जिन्यात चिटपाखराला पत्ता लागत नाही. मी पाहुण्यांना सांगतो, हे घर माझ्या यादीमुळे मिळालं. बायको तेव्हा तारा पिळत असते. खोटं वाटत असेल तर मी करार काढून दाखवतो. त्यात माझी रीतसर नोंद आहे, 'सोबत येणाऱ्या इतर गोष्टी' या रकान्यात: चार व्हायोलिनं, अकरा स्टँड, एक पती. आणि नीट बघा, पतीपुढे बाईंनी 'अक्षरी एक' असं मुद्दाम लिहिलंय. व्हायोलिनांना हा मान नाही!