पिंजऱ्यातला अग्रलेख

मनमोहन तळपदे ऑफिसातून घरी आले ते जिन्याच्या वळणावरच थांबले. नाक वर करून त्यांनी दोनदा हुंगले आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

तळपद्यांच्या नाकाची गिरगावात ख्याती होती. ते मासळीबाजारात शिरले की कोळणी आपापल्या पाट्यांवर घाईघाईने ओले फडके ओढत. पापलेट आजचे की कालचे, हे ते काखेतली छत्री न काढता लांबूनच सांगत. आजोबांच्या वेळची घरे गेली, बग्गी गेली, आता चाळीत दोन खोल्या उरल्या होत्या. पण नाक वारशाने जसेच्या तसे उतरले होते आणि इस्टेटीचा राखावा तसा त्याचा मान ते राखून होते. अशा माणसाच्या स्वतःच्या बिऱ्हाडातून आज तबेल्याचा वास येत होता.

"लीला! घरात घोडा बांधलायस की काय?"

"हळू बोला," लीलाबाई दारातच म्हणाल्या, "शरद आलाय."

"हा शरदचा वास नाही."

आत शरदचंद्र, म्हणजे लीलाबाईंचा धाकटा भाऊ, जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढे जाळी मारलेले एक लाकडी खोके होते आणि जाळीआड भुश्यावर दोन गुबगुबीत, बिनशेपटीचे प्राणी कोथिंबिरीच्या काड्या चावत होते. शरद परळच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होता.

"विलायती उंदीर, भावोजी. गिनीपिग म्हणतात. प्रयोगशाळेला आता नको होते, म्हणून मी खोलीवर नेले. हा तपकिरी बेळगाव, हा पांढरा कारवार. उद्या मी सत्याग्रहाला जातोय. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे! महिना-दोन महिने आत टाकतील. तोवर यांचं बघणारं माझं दुसरं कोण आहे?"

"अरे, पण मुंबई काय मी अडवून ठेवलीय, की ही शिक्षा मला?"

यावर शरद काही बोलणार, तोच गॅलरीतून टाळ्या ऐकू आल्या. शेजारच्या खोलीतले अप्पा हार घेऊन आले होते आणि त्यांच्या मागे सगळी चाळ होती. अप्पा चाळीतल्या समितीचे अध्यक्ष. साधे 'चहा झाला का' हेसुद्धा ते व्यासपीठावरून विचारल्यासारखे विचारत.

"मनमोहनराव!" अप्पा गरजले. "तुमचा मेव्हणा महाराष्ट्रासाठी तुरुंगात चाललाय! तुम्ही निदान त्याचे उंदीर सांभाळा!"

पुन्हा टाळ्या झाल्या. एवढ्या टाळ्यांत नाही म्हणणारा माणूस गिरगावात राहू शकला नसता. मनमोहनरावांनी मान डोलावली आणि नाकाला रुमाल लावला.

शरद सत्याग्रहात पकडला गेला, बेळगाव-कारवार राहिले, आणि आठवड्याच्या आत टाळ्या वाजवणारी चाळ नाक दाबून गॅलरीतून जाऊ लागली. एक दिवस अप्पांच्या पत्नी यशोदाकाकू दाराशी थांबल्या.

"लीला, रागावू नकोस हो, पण तुमच्या माळ्यावर काही मरून पडलंय का गं?"

मनमोहनराव आत दाढी करत होते. त्यांच्या हनुवटीला वस्तरा लागला. तळपद्यांच्या घराला वास! ज्या घराण्याने उभ्या बाजाराला शिळ्या-ताज्यातला फरक शिकवला, त्या घराण्याला एक बाई दारात उभे राहून असे विचारते! त्याच संध्याकाळी त्यांनी युद्ध पुकारले.

आधी फिनेल आणले. घराला इस्पितळाचा वास आला आणि त्यात तबेल्याचा मिसळून राहिला. मग खसाचे अत्तर भुश्यावर शिंपडले. तेव्हा एखाद्या लग्नाच्या मांडवात घोडा शिरावा तसे वाटू लागले. मग त्यांनी दोन्ही प्राण्यांना कार्बोलिक साबणाने अंघोळ घातली. कारवारने अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचे राजाराम, लीलाबाईंना कोणी मारतेय असे समजून, वर धावत आले. त्यांना मनमोहनराव दिसले ते साबणाच्या फेसात कोपरापर्यंत बुडालेले आणि गळ्यातल्या ऑफिसच्या मफलरमध्ये एक भिजलेला उंदीर गुंडाळून त्याला 'नाही रे, नाही रे' करणारे. शेवटी त्यांनी ऊद जाळला. तो इतका जाळला की अप्पा पाण्याची बादली घेऊन आले आणि विचारपूस करायच्या आधी त्यांनी ती ओतली.

"अहो, आग नाहीये!" निथळत मनमोहनराव ओरडले.

"मग धूर कशाला?"

"वास जायला!"

"तो कुठं गेलाय?" अप्पांनी हुंगून विचारले.

त्या रात्री मनमोहनराव जेवले नाहीत. लीलाबाईंनी इतके दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता. आता त्यांनी बेळगावला उचलले आणि थेट नवऱ्याच्या नाकाखाली धरले.

"घ्या वास."

नाकाच्या बाबतीत मनमोहनराव खोटे बोलत नसत. त्यांनी पाठीशी, पोटाशी, कानामागे हुंगले. "याला नाही वास," ते चकित होऊन म्हणाले.

"नसतोच. बिचारे दिवसभर मांजरासारखे अंग चाटत बसतात. वास खालच्या भुश्याला आहे. तो ओला होतो, कुजतो, आणि तुम्ही त्याच्यावर अत्तर ओतता. भुसा काढा. खाली जाड कागद, वर सुकं गवत. सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचा आणि तळाचा पत्रा धुऊन उन्हात टाकायचा. बस्स."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुणाचं ऐकत होतात? तुमचं नाक बोलत होतं ना!"

पत्रा धुतला, रोजचे मराठी वर्तमानपत्र घडी करून पसरले, आणि दोन दिवसांत घर घरासारखे झाले. मनमोहनराव तर मुद्दाम दार सताड उघडे टाकून बसू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याने हुंगावे आणि शरमावे अशी त्यांची इच्छा होती.

उघड्या दाराने यशोदाकाकू आल्या. कौतुकाने पिंजऱ्यात वाकल्या आणि किंचाळल्या.

"अगंबाई! हा महाराष्ट्रावर बसलाय!"

वर्तमानपत्राने त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा पानभर नकाशा छापला होता. कारवार त्यावर ऐसपैस बसला होता, आणि नुसता बसला नव्हता. अप्पांना बोलावणे गेले. त्यांनी चष्मा पुसून लावला आणि पाहणी केली.

"नेमकं मुंबईवर," ते खोल आवाजात म्हणाले.

"अप्पा, तो उंदीर आहे! त्याला भूगोल येत नाही!"

"त्याला येत नसेल. कागद अंथरणाऱ्याला येतो ना? तिकडं लोक लाठ्या खातायत, मनमोहनराव, आणि इकडं तुमच्या घरात हे!"

मनमोहनरावांचा संताप झाला. मेव्हणा तुरुंगात, त्याचे उंदीर घरात, आणि वर देशद्रोहाचा ठपका! पण करणार काय? त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्राचे कुठलेही पान घ्या, त्यावर चळवळच असे. कुठे हुतात्म्यांना श्रद्धांजली, कुठे सभेचे वृत्त. प्राण्याला बसायला जागा म्हणून उरली नव्हती. वाण्याच्या पुड्यांचे कागद घालून पाहिले, ते तेलकट निघाले आणि काही शोषून घेईनात. तिसऱ्या दिवशी नाकाने पुन्हा इशारा दिला.

तेव्हा त्यांना फोर्टातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राची आठवण झाली. चांगले जाडजूड, भरपूर पानांचे, टिपकागदासारखे शोषणारे. अडचण एकच होती. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये, असे ते रोज अग्रलेखातून लिहीत असे. चाळीने त्याच्यावर बहिष्कार घालून अंगणात त्याची होळी केली होती आणि होळीभोवती घोषणा देणाऱ्यांत मनमोहनरावही होते.

पण घराण्याचे नाव होते. ते रोज ऑफिस सुटल्यावर तो पेपर घेत, मिटलेल्या छत्रीत गुंडाळून घालत आणि कोणाकडे न बघता चाळीत शिरत. वास पूर्ण गेला. लाजेने मात्र त्यांची झोप उडाली.

आणि एका संध्याकाळी घात झाला. अंगणात समितीची सभा चालली होती. अप्पा भिंतीवर टांगलेल्या नकाशापुढे उभे राहून बोलत होते. "सीमा कुठून कुठं जाते, ती मी आता आपल्याला दाखवतो," असे म्हणून त्यांनी काठीसाठी इकडेतिकडे पाहिले आणि कडेने निसटू पाहणाऱ्या मनमोहनरावांच्या काखेतली छत्री ओढून घेतली. छत्री नकाशाकडे उंचावली. तिच्यातून पेपर घरंगळला आणि अप्पांच्या पायाशी पडून उघडला.

अप्पांनी वाकून पेपराचे नाव वाचले.

"मनमोहनराव," अप्पा म्हणाले, "हे आपण वाचता?"

"छत्रीतून आणतो लपवून!" मागून कोणीतरी ओरडले. "मेव्हणा तुरुंगात आणि हा घरभेदी!"

इतक्या दिवसांचे फिनेल, ऊद, बादलीभर पाणी आणि भूगोल मनमोहनरावांच्या डोक्यात एकदम चढले. "वाचतो? मी वाचतो?" त्यांचा आवाज चिरकला. "चला वर! सगळे चला! आज बघाच!"

जिना वाजवत चाळ वर आली. मनमोहनरावांनी पिंजऱ्याच्या तळाचा पत्रा खस्कन ओढून सगळ्यांपुढे धरला. बेळगाव-कारवार घाबरून कोपऱ्यात चिकटले. पत्र्यावर कालच्या पेपरातला अग्रलेख होता. मथळा अजून वाचता येत होता. त्याखालचे मात्र वाचण्याच्या पलीकडे गेले होते.

"हे बघा! या अग्रलेखाचं मी काय करतो ते नीट बघा! सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा! तुम्ही होळी केलीत ती एकदाच केलीत. माझ्या घरी रोज चालू आहे!"

राजाराम खदखदून हसले आणि पाठोपाठ घोषणा उठली, "संयुक्त महाराष्ट्र," "झालाच पाहिजे!" गिनीपिगही कुईं-कुईं करू लागले. अप्पांनी मनमोहनरावांना मिठी मारली. सभेसाठी आणलेला हार पिंजऱ्याला घातला गेला आणि अप्पांचे नवे भाषण संपायच्या आत बेळगावने तो निम्मा खाल्ला. समितीने तिथेच ठराव केला. बहिष्कार कायम, पण तळपद्यांच्या पिंजऱ्यासाठी एक प्रत चाळीत उघडपणे यावी.

मनमोहनरावांना पहिल्यांदाच वाटले की आपले दिवस पालटले.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. तो अप्पांनी दारातच अडवला. "शत्रू काय म्हणतो ते अध्यक्षाला माहीत नको? आत्ता देतो." अप्पांकडून तो क्रिकेटसाठी राजारामांकडे गेला. तिथून टोकाच्या खोलीतल्या दुर्गाबाई सिनेमाच्या जाहिराती बघायला घेऊन गेल्या. शब्दकोडे सोडवायला एकजण, बाजारभाव बघायला एकजण. होळीच्या आधीसुद्धा चाळीने तो पेपर इतक्या आवडीने वाचला नव्हता. पिंजऱ्यात तो पोहोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होई, कधी नुसते आतले पान पोहोचे, कधी तेही नाही.

आणि एके सकाळी यशोदाकाकूंनी दारात नाकाला पदर लावला. "लीला, पुन्हा येतोय गं. मी म्हणते, ठरावापुरती तरी स्वच्छता ठेवायची!"

मनमोहनराव उठले आणि शेजारी गेले. अप्पा आरामखुर्चीत पाय पसरून पेपर वाचत होते.

"अप्पा, माझ्या प्राण्यांचा पेपर द्या."

"देतो हो. दोन पानं राहिलीयत."

"कालची दोन पानं कुठं आहेत?"

"ती राजारामकडे. मनमोहनराव, तुमचे उंदीर थोडं थांबू शकत नाहीत?"

"नाही!" मनमोहनराव ओरडले. "ते थांबत नाहीत! तीच तर सगळी भानगड आहे!"

ते परत आले, दोन्ही हातांनी पिंजरा उचलला, आणि लीलाबाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत तो अप्पांच्या आरामखुर्चीला टेकवून ठेवला. "पेपर इथं राहतो ना? मग हेही इथंच राहतील!" एवढे बोलून ते ऑफिसला गेले.

यशोदाकाकूंनी आपल्याच घरात तो वास दुपारपर्यंतसुद्धा सोसला नाही. त्यांनी नवऱ्याच्या हातातला पेपर वाक्याच्या मधेच ओढला, पत्रा धुतला आणि घडी मोडून पसरला. दुसऱ्या दिवसापासून पेपर आला की तो अप्पांच्या हाती लागायच्या आत पिंजऱ्यात जाऊ लागला. समितीपुढे अप्पा कितीही गरजोत, यशोदाकाकूंपुढे त्यांनी कधी ठराव मांडला नव्हता. चाळीत वासाचे नाव राहिले नाही. तळपद्यांच्या दाराशी कोळीण टोपली उतरवू लागली आणि मनमोहनराव पूर्वीसारखे तिला लांबूनच परत पाठवू लागले.

शरद सुटला त्या दिवशी चाळीने त्याला खांद्यावरून वर आणले. तो वाळला होता, दाढी वाढली होती. बहिणीने ओवाळताच त्याने विचारले, "भावोजी, माझे बेळगाव-कारवार कुठंयत?"

मनमोहनराव त्याला शेजारी घेऊन गेले. अप्पा जमिनीवर गुडघे आणि कोपरे टेकून पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून बसले होते. चष्मा कपाळावरून खाली घसरत होता आणि एक बोट जाळीतून आत जाऊन पांढऱ्या उंदराला हलकेच ढोसत होते.

"अप्पा, मी सुटून आलो," शरद वाकून नमस्कार करत म्हणाला. "माझे प्राणी न्यायला आलोय."

अप्पांनी मान वळवली नाही.

"दोन मिनिटं थांब रे बाबा," ते चिडून म्हणाले. "हा कारवार दुसऱ्या कॉलमवर झोपलाय. तो उठल्याशिवाय मला कळायचं नाही, हे लोक आपल्याला मुंबई का देत नाहीत ते!"