बेहड्याचा घसारा

एका जंगलात, बाळांनो, टोकाजी नावाचा एक सुतारपक्षी राहत होता. जंगल कुठलं, असं मध्येच विचारू नका. विचारलंत तर मला खरं सांगावं लागेल, आणि मग आपल्या दोघांनाही त्रास होईल.

टोकाजी गुणी कारागीर होता. झाडावर चोचीनं दोन टोले मारले, की नुसत्या आवाजावरून सांगायचा: इथे घट्ट आहे, इथे पोकळ आहे, इथे अळी आहे आणि ती या कुशीवर झोपली आहे. बरीच वर्षं तो दुसऱ्यांच्या झाडांवर ढोल्या कोरून देत होता. ढोली तयार झाली, की राघू तिच्यात राहायला यायचा आणि म्हणायचा, "काम छान केलंत हं. आता निघा."

शेवटी त्याची बायको यमू म्हणाली, "अहो, लोकांची घरं किती दिवस बांधायची? दर वर्षी अंडी घालायची वेळ आली, की मी कुणाकुणापुढे चोच वेंगाडू?"

टोकाजीच्या मनाला ते लागलं. आजवर साठवलेल्या तीन हजार अळ्या मोजून त्यानं एक जुना उंच बेहडा विकत घेतला. त्यात बारा ढोल्या कोरल्या. अकरा भाड्यानं दिल्या. भाडं ढोलीमागे वर्षाला शंभर अळ्या. सगळ्यात वरची, उगवतीकडे तोंड असलेली ढोली त्यानं यमूसाठी ठेवली. यमूनं ती तीनदा झाडून काढली आणि मग आत बसून थोडी रडली. आनंदानंच रडली. टोकाजीनं बाहेरून बघितलं आणि त्याला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

तेवढ्यात दरबाराचा माणूस आला. माणूस म्हणजे तरस. त्या जंगलात सिंहाचं राज्य होतं आणि धंदा करणाऱ्यानं नफ्याचा चौथा हिस्सा कर म्हणून भरायचा, असा नियम होता. सिंह अळ्या खात नसे. पण कर तो कर.

"हिशेब लिहिता ना?" तरसानं विचारलं.

"लक्षात असतो माझ्या," टोकाजी म्हणाला.

"लक्षातलं आम्हाला तपासता येत नाही. वही ठेवा. हिशेबनीस नेमा."

तर मुलांनो, टोकाजी हिशेबनीस शोधायला लागला.

पहिला आला पोपट. त्याला शंभरपर्यंत आकडे तोंडपाठ होते. पण मधलाच एखादा विचारला, की तो पुन्हा एकपासून सुरू करायचा. सदतीस आणि बावीस किती, असं विचारल्यावर तो संध्याकाळपर्यंत म्हणत बसला. त्याला पेरू देऊन घरी पाठवलं.

मग आली खारूताई. तिनं वहीबिही काढली नाही. आधी बुंध्याला गोल फेरी मारली. मग विचारलं, "झाड जुनं आहे. अजून किती वर्षं उभं राहील?"

"तुम्हाला हिशेब लिहायचाय की झाड विकत घ्यायचंय?" टोकाजी म्हणाला.

"भाड्यातलं थोडं बाजूला टाका दर महिन्याला. उद्या दुसरं झाड घ्यावं लागलं तर हाताशी असेल. आणि घरखर्चाच्या अळ्या वेगळ्या ठेवा, धंद्याच्या वेगळ्या. मी दर आठवड्याला येऊन लिहीन. महिन्याला सहा शेंगा पडतील."

टोकाजीला राग आला. नवीन धंदा, अजून उद्घाटनाचं तोरण सुकलं नाही, आणि ही बया पडण्याच्या गोष्टी करते. वर सहा शेंगा मागते. त्यानं "कळवतो" असं सांगितलं. बाळांनो, मोठी माणसं "कळवतो" म्हणाली, की तुम्ही समजून घ्यायचं.

शेवटी आली वाळवीबाई.

तिला बघून टोकाजीच्या तोंडाला पाणी सुटलं, कारण वाळवी हा त्याचा सकाळचा नाश्ता. पण मुलाखतीला आलेल्याला खाणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं आवंढा गिळला.

"टोकाजीराव," वाळवीबाई मऊ आवाजात म्हणाली, "आमचं खानदानच कागदपत्रातलं. दरबाराचं जुनं दप्तर आमच्याइतकं आतून कुणीच बघितलेलं नाही. तुम्ही कर किती भरणार?"

"अकराशेचा चौथा हिस्सा. दोनशे पंचाहत्तर."

"अरेरे," वाळवीबाई म्हणाली. हे "अरेरे" तिनं इतकं मनापासून म्हटलं, की टोकाजीला पहिल्यांदाच कुणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं. "आणि घसारा?"

"तो काय असतो?"

"वस्तू वापरली की झिजते. झाडही झिजतं. ती झीज दर वर्षी खर्च म्हणून वहीत लिहायची. तिला घसारा म्हणतात. तेवढा नफा कमी, तेवढा कर कमी. पहिल्या वर्षी सहाशे अळ्यांची झीज दाखवू. नफा उरेल पाचशे. कर सव्वाशे."

"पण झाड तर जसंच्या तसं आहे."

"ते तुम्ही आमच्यावर सोडा."

"आणि तुमची फी?"

"फीचं काय एवढं? आम्ही कुठेही पोट भरतो. फक्त दोन अटी आहेत. आमच्या माणसांना खायचं नाही. आणि बेहड्यावर ठोकाठोक करायची नाही. हादरे बसले की आकडे चुकतात."

टोकाजीनं तिथल्या तिथे होकार दिला.

वर्ष संपलं. वाळवीबाईनं वही आणून दाखवली. काय ते अक्षर! एक खाडाखोड नाही. बेहडा, किंमत तीन हजार, घसारा सहाशे, शिल्लक चोवीसशे. तरसानं वही उलटसुलट बघितली, सव्वाशे अळ्या घेतल्या आणि गेला. टोकाजीनं वाचलेल्या दीडशे अळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"वाळवीबाई," तो म्हणाला, "यंदा जरा जास्त दाखवता येईल का?"

"किती?"

"अकराशे दाखवा. म्हणजे नफाच नको."

वाळवीबाई जराशी गंभीर झाली. "दाखवू. पण एक सांगते, टोकाजीराव. आमच्याकडे खोटं लिहायची पद्धत नाही. आम्ही आधी लिहितो आणि मग ते खरं करतो. त्याला माणसं जास्त लागतील."

"लावा की!" टोकाजी म्हणाला. फी नव्हती, मग माणसं कितीही लागोत.

माणसं लागली. मावश्या आल्या, भाचे आले, भाच्यांच्या सासरची मंडळी आली. बेहड्याच्या आत दिवसभर काम चालायचं. बाहेर साल तशीच होती. भाडेकरू म्हणायचे, हल्ली फार शांत वाटतं, मालक ठोकत नाहीत. दुसऱ्या वर्षी कर शून्य आला. तिसऱ्या वर्षासाठी टोकाजीनं सांगितलं, "उरलंसुरलं सगळंच लिहून टाका. तेराशे."

त्या फाल्गुनात यमूच्या ढोलीत तीन पिल्लं होती. अजून नीट उडता येत नव्हतं. एक दिवस यमूनं घरट्यातूनच भिंतीवर सहज चोच मारली आणि ती दचकली. सुतारपक्ष्याचीच बायको ती.

"अहो, आवाज ऐका. ढब ढब येतोय. आत काही राहिलेलं नाही."

"ठोकू नकोस! आकडे चुकतील."

"मी सांगते, झाड पोकळ झालंय. तुम्ही स्वतः एक टोला मारून बघा. एकच."

टोकाजीनं चोच मागे घेतली. आयुष्यभर ज्या कानांवर जगला, ते कान त्याला होतेच. पण आता त्याच्याकडे वही होती. त्यानं ती उघडून यमूपुढे धरली. "हे बघ. वर्षअखेरपर्यंत तेराशे शिल्लक आहे. वर्षअखेर अमावास्येला. अजून दोन दिवस आहेत."

यमूनं वहीकडे एकदा बघितलं. ती पिल्लांना उडायला शिकवायला लागली. दोन दिवस तिनं त्यांना ना नीट खाऊ दिलं, ना झोपू दिलं. अमावास्येच्या सकाळी तिनं तिघांनाही ढोलीबाहेर ढकललं. दोघं कशीबशी शेजारच्या झाडावर पोचली. तिसरं धाकटं. त्याचे पंख पुरते फुटले नव्हते. ते करवंदीच्या जाळीत पडलं.

दुपारी बेहडा पडला. मोठा आवाजही झाला नाही. नुसती साल होती, ती बसली. भाडेकरू उडाले. राघू जाता जाता म्हणाला, "या वर्षीचं भाडं मिळणार नाही हं."

यमूनं जाळीतून धाकट्याला बाहेर काढलं. जिवंत होतं. पण त्याचा डावा पंख मोडला होता आणि तो पुढेही कधी सरळ झाला नाही.

तेवढ्यात वाळवीबाई वही घेऊन आली. तिचा चेहरा समाधानानं फुलला होता. "टोकाजीराव, जुळलं! घसारा तेराशे, शिल्लक शून्य. एका अळीचा फरक नाही."

"बाई," यमू म्हणाली, "माझ्या पोराचा पंख कुठल्या पानावर लिहिलात?"

वाळवीबाईनं पानं उलटली. तिनं खरोखरच शोधलं, कारण ती कामाला चोख होती. मग म्हणाली, "तो यात येत नाही, ताई. जे विकत घेतलेलं नाही, त्याला घसारा लागत नाही."

 यमू तिन्ही पिल्लांना घेऊन शेजारच्या झाडाच्या मालकापुढे चोच वेंगाडायला गेली.

संध्याकाळी तरस आला. वहीत बघितलं, झाड शून्य. समोर बघितलं, झाड शून्य. त्याच्या सबंध नोकरीत वही आणि वस्तुस्थिती इतकी तंतोतंत जुळलेली त्यानं पाहिली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात दरबारात टोकाजीला आदर्श करदाता म्हणून प्रमाणपत्र मिळालं. सिंहानं स्वतःच्या पंजानं दिलं.

मग काय, जंगलातल्या सगळ्या झाडमालकांनी वाळवीबाईकडे रांग लावली. नेमण्याआधी प्रत्येक जण टोकाजीकडे चौकशीला यायचा. टोकाजी एका भाड्याच्या फांदीवर प्रमाणपत्र धरून बसलेला असायचा, कारण ते लावायला भिंत नव्हती.

"कशी आहे हो बाई?"

टोकाजी प्रमाणपत्र जरा सरळ धरायचा. मग म्हणायचा, "माझा अनुभव चांगला आहे."

तात्पर्य: झाडं काय, आज ना उद्या पडतातच, आणि पडलेलं झाड तपासायला कुणी येत नाही. तपासायला येतात ती वही. म्हणून, बाळांनो, वही नेहमी धडधाकट ठेवावी, आणि पोरांना पंख फुटायच्या आत उडायला सांगावं.